वाई ते पोलादपूर एका दिवसात, एकट्याने आणि सामानासकट: पसरणीचा चढ, आंबेनळीचा उतार

मुक्कामपोस्ट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुणे ते दापोली असा तीन दिवसांचा सायकल दौरा ठरवला आहे, एकट्याने. पहिला मुक्काम वाई, दुसरा पोलादपूर, तिसऱ्या दिवशी खेडवरून दापोली. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाची चिंता नाही. प्रश्न मधल्या दिवसाचा आहे: वाई – पाचगणी – महाबळेश्वर – आंबेनळी घाट – पोलादपूर. नकाशावर साधारण ७० किमी दिसतं. वाई सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला.

सायकल हायब्रिड. पुढच्या तीन चक्र्या ४८-३८-२८ दातांच्या, मागे ११ ते ३२ दातांचे आठ गियर, टायर ७००×३५, चाकांना ३२ तारा, ब्रेक केबलवाले डिस्क (१६० मिमी रोटर, म्हणजे ब्रेकची चकती), समोर सस्पेन्शन. माझं वजन ७२, सायकल १४, सामान १६ किलो. सगळं सामान मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत.

विचारायचं ते असं. सामानासकट पसरणी घाटाला (वाई ते पाचगणी) २८-३२, म्हणजे पुढे २८ आणि मागे ३२ दाते, पुरेल की मागची कॅसेट (चक्र्यांचा संच) ११-३४ करून घेऊ? केबल डिस्कवर आंबेनळी उतरणं ठीक आहे का? महाबळेश्वरला मुक्काम करून हा टप्पा दोन दिवसांचा करावा का? आणि सुटे भाग कोणते बाळगावेत? वाई सोडल्यावर ७०० सीचं, म्हणजे माझ्या चाकांच्या मापाचं, काही मिळेल अशी आशा नाही.

घाटमाथा

आधी गियर. २८-३२ मध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात तुमची सायकल साधारण १.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ६.८ किमी. वाई सोडल्यावर दोनेक किलोमीटरनी खरा घाट लागतो. तिथून पाचगणीपर्यंत सुमारे १० किमी, सरासरी पाच-साडेपाच टक्के चढ. पाणी आणि खाणं धरून तुमचं एकूण वजन १०५ किलोच्या घरात जाईल. या वेगाला या चढावर साधारण १२० वॅट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला दीड तास १२० वॅट जमतात, म्हणजे २८-३२ पुरेल.

चूक होते ती मधल्या चक्रीवर चढण्याच्या हट्टात. ३८-३२ वर ६० फेऱ्यांना ताशी ९.३ किमी आणि सुमारे १७० वॅट लागतात. ते झेपत नाही म्हणून माणूस फेरे ४५ वर आणतो. वेग तोच सातच्या आसपास राहतो, पण प्रत्येक फेऱ्यात पॅडलवर ३५ टक्के जास्त जोर द्यावा लागतो, आणि तो गुडघ्यावर येतो. पाचगणीला पोचेपर्यंत काही जाणवणार नाही. गुडघ्याची वाटी बोलायला लागते ती तिसऱ्या दिवशी खेडच्या पुढे. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर, पॅडल हलकं असताना २८ वर या. जोर लावलेल्या चेनवर पुढची चक्री बदलायला गेलात तर चेन आत पडते, आणि नशीब वाईट असेल तर तुटते.

११-३४ मुळे सहा टक्के हलका गियर मिळेल. घ्यायचीच असेल तर आधी डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का ते बघा, चेन दोन कड्या वाढवावी लागेल का ते बघा, आणि बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) नव्याने जुळवा. दौऱ्याच्या आठवड्यात हे काम करू नका. नवी कॅसेट आणि जुनी झिजलेली चेन एकत्र आली तर चेन दातांवरून उडू शकते, तीही नेमकी चढावर. माझ्या मते ते पैसे ठेवा आणि सामान चार किलोने कमी करा.

आता वेळ. डिसेंबरच्या सुरुवातीला इकडे सूर्योदय पावणेसातच्या पुढे आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. पावणेसातला वाई सोडा, पाचगणी पावणेनऊ. अर्धा तास खाणं. पाचगणी ते महाबळेश्वर १९ किमी. निव्वळ उंची फार वाढत नाही, पण रस्ता सारखा वरखाली होतो. पायांत आधीच एक घाट असतो आणि ‘आता पठार लागलं’ म्हणून मन सैल पडतं, त्यामुळे हाच भाग लांबतो. त्याला दोन तास धरा. सव्वाअकराला महाबळेश्वर, जेवण, साडेबाराला निघा, सव्वातीन-साडेतीनला पोलादपूर. एका दिवसात आरामात होतं. मंगळवार-बुधवार साधलात तर उत्तमच, शनिवार-रविवार असेल तर तारीख बदला.

तारेवरची

चढाचं वर आलंच आहे. या दिवसाचा खरा भाग मात्र दुपारनंतरचा आहे. चढावर काही बिघडलं तर माणूस थांबतो. उतारावर बिघडलं तर थांबता येत नाही.

१०५ किलो वजन १३०० मीटर खाली आणायचं म्हणजे जवळपास साडेतेरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी उकळतं. त्यातली काही वारा खातो, काही टायर खातात, उरलेली सगळी दोन पातळ रोटरवर येते. केबल डिस्क यासाठी पुरेसे आहेत, पण नीट लावलेले असतील तरच.

निघायच्या आदल्या आठवड्यात पॅड काढून बघा. लायनिंग (पॅडवरचा रोटरला घासणारा थर) १ मिमीच्या खाली असेल तर बदला. १ मिमीच्या थोडं वर असेल तरी बदला, जुने पॅड जोडीला ठेवा. नवे पॅड तसेच घाटात नेऊ नका, ते आधी बसवावे लागतात: मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-२५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं प्रत्येक ब्रेकला पंधरा-वीस वेळा. त्याशिवाय पॅड आणि रोटरची पकड जमत नाही.

बहुतेक केबल डिस्कमध्ये एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. स्थिर पॅड रोटरपासून लांब राहिला तर हलणारा पॅड रोटरला वाकवून त्याच्यावर टेकवतो. लिव्हर मऊ लागते आणि जोर वाया जातो. आतल्या बाजूच्या नॉबने किंवा ॲलन कीने स्थिर पॅड रोटरला लागेल-न लागेल इतका जवळ आणा, मग केबल ताणा. लिव्हर एक तृतीयांश दाबल्यावर ब्रेक धरायला हवा. पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल तर तशी सायकल घाटात नेऊच नका.

पॅड झिजत जातात तशी लिव्हर खोल जाते. एका लांब उतारातसुद्धा हा फरक पडतो. म्हणून महाबळेश्वरला जेवणानंतर आणि मध्ये कुंभरोशीला थांबाल तेव्हा बॅरल ॲडजस्टर (केबलवरचा हाताने फिरवायचा नॉब) अर्धा-एक फेरा फिरवून केबल घट्ट करून घ्या. त्याला अवजार लागत नाही.

आणि एक. चेनला तेल घालताना स्प्रे वापरू नका. मागच्या रोटरवर एक फवारा उडाला की पॅड तेल पितात आणि ब्रेक किंचाळतो पण धरत नाही. बाटलीतून एकेका कडीवर थेंब सोडा, फडक्याने पुसा.

कोकणकडा

वेळापत्रकात एक भर घालतो. आंबेनळीचा रस्ता एकूण पश्चिमेकडे उतरतो. डिसेंबरात साडेतीन-चारनंतर सूर्य खाली आला की अनेक वळणांवर तो थेट डोळ्यांत येतो, आणि त्याच वेळी झाडांच्या सावल्यांचे पट्टे रस्त्यावर पडतात. उजेडातून सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही आणि खड्डा नेमका तिथे असतो. तेव्हा साडेबारा ही महाबळेश्वर सोडायची वेळ पाळाच, फार तर दीड. काही कारणाने तीन वाजले तर त्या दिवशी उतरू नका, वरच राहा.

रस्ता कसा असेल ते पावसाळ्यानंतर दरवर्षी बदलतं. २०२१ च्या जुलैमध्ये या घाटात ठिकठिकाणी रस्ता खचला, दरडी आल्या, वाहतूक बंद ठेवावी लागली. दुरुस्तीचे पट्टे, बाहेरच्या कडेला तुटलेली साईडपट्टी, वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली बारीक खडी, हे गृहीत धरूनच उतरा. खडी दिसली की ब्रेक आधी मारा आणि तिच्यावरून जाताना सोडा. खडीवर पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर चाक खालून निघून जातं. निघायच्या आदल्या दिवशी महाबळेश्वरच्या एसटी स्थानकात ‘पोलादपूर-महाडकडे गाड्या चालू आहेत का’ एवढं विचारा. घाट बंद असेल तर ते त्यांना सगळ्यात आधी कळतं.

सगळे ४० किमी सलग उतार नाही. वरून कोयनेच्या खोऱ्यात उतरलं की वाडा-कुंभरोशीच्या आसपास थोडी सपाटी आणि लहान चढ आहेत. तिथे प्रतापगडचा फाटा, चहा-जेवणाची हॉटेलं. तिथून पुढे पुन्हा कोकणात उतरणारा घाट. ‘आता फक्त उतार’ असं डोक्यात धरून पाणी न भरता निघालेल्यांचे हाल या मधल्या तुकड्यात होतात. आणि त्याच दिवशी प्रतापगड जोडायचा मोह टाळा. फाट्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंत पुन्हा चढ आहे, आणि तासाभराने सगळं गणित मागे जातं.

माकडं पसरणी घाटातही आहेत आणि वरही. केळी पॅनिअरच्या बाहेरच्या जाळीत ठेवू नका. घाटात कठड्याजवळ थांबून पिशवी उघडलीत की ती येतातच. खायला थांबायचं ते दुकानाजवळ.

मुक्कामपोस्ट

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. एक शंका राहिली. उतारावर सावकाश, म्हणजे पूर्णवेळ ब्रेक धरून ताशी २० च्या आसपास उतरलं तर सुरक्षित नाही का? मला वेळेची घाई नाही. दुसरं, चार किलो कमी करायचे तर नक्की काय काढू? आणि सुट्या भागांबद्दल कोणी लिहिलं नाही.

तारेवरची

वळणावर सावकाश, हे बरोबर. पूर्णवेळ ब्रेक धरून, हे चूक. कारण सांगतो.

६ टक्के उतारावर तुमच्या वजनाच्या सायकलला पुढे ढकलणारा जोर साधारण ठरलेला असतो. वेग कमी असेल तर वारा जवळजवळ काही घेत नाही, सगळा भार ब्रेकवर. ताशी १५ ला ब्रेकला जितकं धरावं लागतं, त्याच्या साधारण साठ टक्केच ३० ला धरावं लागतं, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे ताशी २५ च्या आसपास एकसारखा ब्रेक धरून उतरणं. अशा वजनाला अशा उतारावर दर सेकंदाला सर्वात जास्त उष्णता तिथेच तयार होते, आणि रोटरला गार व्हायला मध्ये सवडच मिळत नाही. पॅड तापून गुळगुळीत होतात, चकाकतात, आणि मग कितीही दाबा, पकड येत नाही. बोटं आखडतात ते वेगळंच.

करायचं ते असं. सरळ आणि दिसणाऱ्या तुकड्यावर सायकल सोडा, २८-३० पर्यंत जाऊ द्या. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठाम दाबून १२-१५ वर या. वळणात शिरताना सोडा. वळणात ब्रेक नाही. पुढचं दिसलं की पुन्हा सोडा. ब्रेक थोडा वेळ जोरात आणि मग पूर्ण मोकळा, म्हणजे मोकळ्या वेळात रोटर गार होतो. ३० चा आकडा सामानवाल्या सायकलसाठी वरची मर्यादा समजा. रस्ता मोकळा दिसला तरी त्यापुढे नको. त्यापेक्षा जास्त वेगातून थांबायला लागणारं अंतर आंबेनळीच्या वळणांत मिळत नाही.

उजवीकडे वळताना बाहेरचं पॅडल, म्हणजे डावं, खाली आणि त्यावर वजन. डावीकडे वळताना उजवं खाली. डावीकडच्या यू वळणात आतली कड फार तीव्र असते आणि खडीही तिथेच साठते, म्हणून अगदी कडेला चिकटू नका, आपल्या लेनच्या मध्यावर राहा. अरुंद जागी चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियमच आहे. एसटी किंवा ट्रक वळण घेताना दिसला तर थांबून पाय टेका. मोठ्या गाडीला यू वळणात पूर्ण रस्ता लागतो.

दर पाच-सहा किलोमीटरला थांबा, पाच मिनिटं. रोटरला हात लावू नका, भाजतो. आणि तापलेल्या रोटरवर पाणी अजिबात ओतू नका, तो वाकतो, मग पुढचा सगळा उतार घासत जातो. रिम ब्रेकवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांना एक जास्तीचा धोका आहे: रिम तापली की आतली हवा तापते, ट्यूब फुटू शकते किंवा टायर रिमवरून निघतो. त्यांनी थांबे दुप्पट घ्यावेत आणि उतारापूर्वी रबरांच्या खाचा शिल्लक आहेत का ते बघावं. खाच दिसेनाशी झाली असेल तर रबर संपलं.

सगळं सामान मागे असल्याने आणखी एक गोष्ट होऊ शकते. ताशी तीसच्या पुढे हँडल आपोआप डावं-उजवं थरथरायला लागतं. घाबरून घट्ट पकडू नका, त्याने वाढतं. दोन्ही गुडघे वरच्या नळीला दाबा, हात सैल ठेवा, मागचा ब्रेक हळू लावा. थांबते. त्यावर खरा उपाय म्हणजे सामानाची वाटणी.

घाटमाथा

सामानाचं मी सांगतो. तीन दिवसांचा दौरा, रोज लॉजमध्ये मुक्काम. १६ किलो कशाला? तंबू, चटई, शेगडी असं काही असेल तर काढा, या मार्गावर गरज नाही. कपडे: सायकलचे दोन जोड, रोज रात्री एक धुवायचा. संध्याकाळचा एक जोड. टॉवेल म्हणून पंचा, तो रात्रीत वाळतो. जाड जीन्स, जादा बूट, पॉवर बँकेची दुसरी वीट, हे सगळं घरी. पाणी सोडून सगळं ११-१२ किलोत बसतं.

आणि ते सगळं मागे नको. अवजारं, पंप, ट्यूब, कुलूप या जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी, पुढच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या आसाजवळ. हँडलला छोटी पिशवी, त्यात अडीच-तीन किलोच्या आत: खाणं, कागदपत्रं, विंडचीटर. तेवढ्यानेही पुढचं चाक जमिनीला टेकून राहतं. सगळं वजन मागे असेल तर तीव्र चढावर हँडल हलकं लागतं आणि सायकल सरळ रेषेत जात नाही. डावा-उजवा पॅनिअर तराजूवर तोलून घ्या, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. पॅनिअर लावल्यावर पॅडल उलटं फिरवून टाच लागते का बघा. लागत असेल तर हूक मागे सरकवा. हे घरी बघायचं, वाईला नाही.

कॅरिअरचे बोल्ट हा नेहमीचा घात. सामानाने सतत हादरून ते सैल होतात, मग एक पडतो, मग दुसऱ्यावर सगळा भार येऊन तो आतच तुटतो. चारही बोल्ट काढून थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून पुन्हा बसवा आणि रोज सकाळी ॲलन कीने तपासा. दोन जादा एम-५ बोल्ट आणि सात-आठ झिप टाय पिशवीत हवेतच.

समोरच्या सस्पेन्शनला लॉक असेल तर पसरणीला लावा, आणि महाबळेश्वर सोडताना आठवणीने उघडा.

पंपवाला

सुट्या भागांचं उत्तर माझ्याकडून.

ट्यूब दोन, टायरला जुळणाऱ्या, आणि पॅचचं पाकीट. ट्यूबच्या व्हॉल्व्हकडे लक्ष द्या. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या नोझलने हवा भरता येत नाही, ते मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं असतं. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा. तुमचा व्हॉल्व्ह जाडच असेल तर प्रश्न नाही. पण कंप्रेसरने भरताना थोडीथोडी भरायला सांगा. ट्रकच्या कंप्रेसरने सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फुटते.

गावातल्या सायकल दुकानात साध्या काळ्या सायकलच्या २८ इंची ट्यूब मिळतात. अगदी अडचणीत ती ३५ च्या टायरमध्ये चालून जाते. मात्र तिचा व्हॉल्व्ह जाड, ८ मिमीच्या भोकाचा. प्रेस्टाच्या रिमला भोक साडेसहा मिमीचं, त्यातून तो जात नाही. त्यामुळे प्रेस्टावाल्यांनी दोनाऐवजी तीन ट्यूब घ्याव्यात, रिमला ड्रिल मारायची वेळ येऊ देऊ नये.

हवा: सामानासकट ७००×३५ ला मागे ६५-७० पीएसआय, पुढे ५५ च्या आसपास. टायरच्या भिंतीवर लिहिलेली वरची मर्यादा ओलांडायची नाही. मागे ५० वर चालवलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटून दोन बारीक चिरा पडतात, सापाने चावल्यासारख्या शेजारी-शेजारी. अशा खुणा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. एकच भोक असेल तर मात्र नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायर आतून बोटांनी चाचपा. बारीक तार किंवा काच तशीच राहिली तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते.

तारा. मागचं चाक, चेनच्या बाजूची तार, ही सामानवाल्या सायकलची ठरलेली तक्रार. त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावरच ओझं. निघण्याआधी कारागिराकडून मागच्या चाकाचा ताण एकसारखा करून घ्या आणि त्याच मापाच्या तीन तारा निपलसकट (तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटसकट) विकत घ्या. चेनच्या बाजूची लांबी वेगळी असते, दोन्ही मापं लिहून ठेवा. तारा सीटच्या नळीत सरकवून वर फडकं कोंबलं की जागा लागत नाही.

घाटात तार तुटली तर चेनच्या बाजूची बदलायला कॅसेट काढावी लागते, ते रस्त्यात होत नाही. मग तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा, म्हणजे ती डिरेलरमध्ये अडकणार नाही. चाक आउट झालेलं, म्हणजे डोलताना, दिसेल. तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम बऱ्यापैकी मधे येते. डिस्क ब्रेक असल्याने रिम थोडी हलली तरी ब्रेक चालतो, इथे तुमचा फायदा आहे. मागच्या ओझ्यातलं जमेल तेवढं पुढे घ्या आणि सावकाश पोलादपूर गाठा.

बाकी: चेन ब्रेकर, आठ गियरच्या चेनला जुळणारी जोडकडी दोन, तुमच्या फ्रेमचाच डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा (प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही), मागची ब्रेक केबल एक आणि गियर केबल एक. मागची केबल लांब असते, ती पुढेही चालते, म्हणून मागचीच घ्यायची. ४, ५, ६ ची ॲलन की, तारांची चावी, टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा पंप, पॅडची एक जोडी. हे सगळं मिळून दीड किलो होतं, आणि त्यातलं काही कमी करायचं नाही.

कोकणकडा

खाण्याचं राहिलं. चढावर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि एक-दोन चिक्कीचे तुकडे किंवा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागल्यावर नाही, घाट सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पहिलं. वाईला पहाटे काही उघडं असेल याच्यावर विसंबू नका, आदल्या संध्याकाळीच केळी घेऊन ठेवा. तेलकट तर्रीची मिसळ घाटाच्या आधी नको. पाचगणीला पोहे किंवा इडली, महाबळेश्वरला वरण-भात. पूर्ण थाळी खाऊन लगेच वळणांत शिरलात तर सुस्ती येते, आणि उतारावर ती चढापेक्षा घातक.

पाणी डिसेंबरात तासाला अर्धा ते पाऊण लिटर. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या सायकलला आणि एक लिटर पॅनिअरमध्ये. पाचगणी, महाबळेश्वर, कुंभरोशी इथे भरायच्या. थंड हवेत तहान लागत नाही आणि लोक पितच नाहीत, मग दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत ओआरएस ठेवा. पाकीट एक लिटरचं असतं, ते एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण पाकीट ओतलं तर मळमळ होते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, वर लिंबू.

वेण्णा तलावाजवळ हिवाळ्यात काही पहाटे दव गोठतं. दुपारी तेवढी थंडी नसते, पण घामाने ओल्या कपड्यांत उताराचा वारा लागला की बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. महाबळेश्वरला आतला बनियन बदला, वर विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे. पोलादपूर जवळ येईल तसं गरम व्हायला लागेल, तेव्हा थांबून काढा, चालवता चालवता नाही.

एकटे आहात, म्हणून घरच्यांना चार ठिकाणं आणि वेळा लिहून द्या: पाचगणी ९, महाबळेश्वर ११:३०, कुंभरोशी २, पोलादपूर ४. प्रत्येक ठिकाणाहून एक मेसेज. दरीच्या कुशीतल्या वळणांवर रेंज जाते, म्हणून ‘अमुक वेळेपासून दोन तास मेसेज आला नाही तर फोन लावायला लागा’ असं आधीच ठरवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. खिशात, पिशवीत नाही, एका कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, पसरणी घाटात झाडांच्या सावलीत सायकल उशिरा दिसते.

मुक्कामपोस्ट

कॅसेट बदलत नाही. पॅड, हँगर, तारा आणि प्रेस्टाचे अडॅप्टर आणतो. सामान १२ किलोवर आणतो. महाबळेश्वरला दीडची मर्यादा पक्की. पोलादपूरला राहण्याबद्दल काही?

घाटमाथा

महामार्गावर लॉज आहेत. आदल्या दिवशी फोन करून खोली तळमजल्यावर आहे का आणि सायकल आत घेऊ देतात का एवढं विचारा. पोचल्यावर आंघोळीच्या आधी दहा मिनिटं सायकलला द्या: पॅडची जाडी, केबलचा ताण, कॅरिअरचे चार बोल्ट, मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन चिमटीत दाबून बघणं. सैल लागली ती लगेच कळते. चेन पुसून तेल रात्रीच घाला, म्हणजे सकाळपर्यंत आत मुरतं. तिसऱ्या दिवशी खेडकडे जाताना सुरुवातीलाच कशेडीचा चढ आहे, तेव्हा तिथेही पहाटेच निघा.